कार्यालयाची पाटी : चौकट, मजकूर आणि बसवणी



मंडळाची बैठक असो की कोजागरीचा कार्यक्रम, चहाच्या वेळी कोणीतरी मला बाजूला घेऊन विचारतोच, "अरे, नवीन ऑफिस घेतलंय. पाटी करायची आहे. फ्रेम कोणती चांगली?" गेली वीस-बावीस वर्षे मी इंदुरात दुकाने, दवाखाने आणि कार्यालये यांच्या पाट्या करून बसवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिक आहे. पण चहाच्या कपात मावेल एवढे त्याचे उत्तर छोटे नाही. म्हणून ते एकदा सविस्तर लिहून काढत आहे. पाटी कुठेही करून घ्या, मात्र करायला देण्यापूर्वी या गोष्टी माहीत असल्या तर पैसे वाचतील आणि पुढचा मनस्तापही टळेल.

आधी एक गोष्ट

माझ्या एका मित्राचे वडील वकील. आडनाव काळे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मागच्या उन्हाळ्यात मित्राने वडिलांचे जुने ऑफिस नव्याने सजवले आणि पाटी एका दुकानातून करून आणली. काळ्या ॲक्रेलिकवर सोनेरी अक्षरे, सुंदर चौकट. बसवण्यासाठी मला बोलावले. पाटीवरचा कागद काढला तर नाव होते 'काले'.

मित्र म्हणाला, "असू दे रे, इथे सगळे असंच लिहितात." काका काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने उठून आतल्या खोलीत गेले आणि कपाटामागून एक पत्र्याची पाटी घेऊन आले. त्यांच्या वडिलांची, म्हणजे मित्राच्या आजोबांची. पेंटरने हाताने रंगवलेली, कडा गंजलेल्या, पण अक्षरे स्पष्ट. त्यावर 'काळे' असे ठसठशीत लिहिले होते. काका एवढेच म्हणाले, "बाबांच्या वेळी इंदुरातल्या पेंटरला ळ काढता येत होता."

त्या दिवशी मी पाटी न बसवता परत नेली. पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. पण तेव्हापासून कोणी 'फ्रेम कोणती' असे विचारले की मी आधी 'मजकूर दाखवा' असे म्हणतो.

मजकूर : आपले नाव आपल्यासारखे

इंदूरचे हिंदी आणि आपली मराठी, दोन्ही देवनागरीत लिहिल्या जातात. त्यामुळे आपल्याला वाटते की पाटीचा प्रश्न इथे सोपा आहे. बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या मराठी माणसाला दुसरी लिपी सांभाळावी लागते, आपल्याला नाही. पण नेमके याच कारणाने चूक लक्षात येत नाही. लिपी एकच असली तरी अक्षरांची सवय वेगळी आहे.

हिंदीच्या नेहमीच्या लेखनात ळ नाही. म्हणून नीरेकाठच्या होळ गावावरून आलेले 'होळकर' हे नाव हिंदीत 'होलकर' होते आणि 'माळवा' चा 'मालवा' होतो. इंदूरच्या चित्रकलेचा पाया घालणारे, बेंद्रे आणि हुसेन यांचे गुरू दत्तात्रय दामोदर देवळालीकर हेही हिंदीत 'देवलालीकर' होतात. हिंदीच्या दृष्टीने यात काही चुकीचे नाही. त्या भाषेची ती रीत आहे. मात्र आपल्या स्वतःच्या दारावर आपले नाव कसे असावे, हे आपण ठरवायचे असते. ते संगणकावर बसलेल्या मुलाने नकळत ठरवू नये.

पाट्यांच्या दुकानात साधारण चार ठिकाणी गफलत होते :

पहिली, ळ. काळे, पिंगळे, देवळे, होळकर, गोळे, मुळे. जुन्या पद्धतीच्या टंकात ळ ची कळ पटकन सापडत नाही आणि ल समोरच असतो.

दुसरी, अर्धा र. गोऱ्हे, कऱ्हाडे, कुऱ्हाडे या नावांतला र डोक्यावर रफार होऊन बसत नाही, तो आडवा लिहितात. 'गोर्हे' असे छापले तर मराठी वाचणारा अडखळतो.

तिसरी, ॲ आणि ऑ. आपण 'ॲडव्होकेट' लिहितो, इथल्या दुकानात 'एडवोकेट' होते. जुन्या टंकांत ॲ हे अक्षर नसते, म्हणून मग अ वर चंद्र वेगळा चिकटवतात आणि तो सरकतो.

चौथी, ल चा आकार. मराठी ल दोन पाकळ्यांचा असतो, हिंदी वळणाचा ल उभ्या दंडाला टेकलेला असतो. ही चूक नव्हे, पण ज्यांना आपले वळण हवे त्यांनी टंक निवडतानाच सांगावे.

यावर उपाय सोपा आहे. मजकूर फोनवर तोंडी सांगू नका किंवा रोमन लिपीत पाठवू नका. युनिकोड मराठीत स्वतः टाइप करून पाठवा. मुक्ता, बालू, यशोमुद्रा असे चांगले युनिकोड टंक विनामूल्य मिळतात, त्यांतला एक सुचवा. दुकानदार मजकुराचे 'कर्व्ह' करतो, म्हणजे अक्षरांचे आकृतीत रूपांतर करतो. त्यानंतरचा नमुना मागवा, कारण बहुतेक मोडतोड त्याच टप्प्यावर होते. तो नमुना घरातल्या ज्येष्ठांना मोठ्याने वाचायला लावा. आपण स्वतः वाचताना डोळा चूक दुरुस्त करून पुढे जातो, दुसऱ्याचा डोळा तिथे अडतो.

पाटीवर काय असावे, काय नसावे

पाटी आपली असली तरी तिच्यावरचा सगळा मजकूर आपल्या मर्जीचा नसतो. व्यवसायाप्रमाणे काही नियम आहेत आणि ते आपल्यापैकी बऱ्याच जणांना उशिरा कळतात.

जीएसटी नोंदणी असेल तर प्रवेशाजवळच्या नामफलकावर जीएसटी क्रमांक लिहावा लागतो आणि नोंदणी प्रमाणपत्र कार्यालयात दर्शनी जागी लावावे लागते. ज्यांनी कंपोझिशन योजना घेतली आहे त्यांना तसा उल्लेखही फलकावर करावा लागतो.

कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १२ प्रमाणे प्रत्येक कार्यालयाबाहेर कंपनीचे नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता ठळकपणे, वाचता येईल असा लावणे बंधनकारक आहे. तो त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या लिपीत नसेल, तर त्या लिपीतही लिहावा लागतो. म्हणजे इंदुरात फक्त इंग्रजी पाटी पुरत नाही.

वकिलांसाठी बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत पाटी 'वाजवी आकाराची' असावी असे म्हटले आहे. आपण बार कौन्सिलचे किंवा वकील संघटनेचे पदाधिकारी आहोत वा होतो, पूर्वी न्यायाधीश होतो, अमुक संस्थेशी संबंधित आहोत, असे पाटीवर लिहिता येत नाही.

डॉक्टरांसाठी २००२ च्या व्यावसायिक आचारनियमांप्रमाणे पाटी अवाजवी मोठी नसावी. तिच्यावर नाव, मान्यताप्राप्त पदव्या, विशेष शाखा आणि राज्य वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक यांपलीकडे काही लिहू नये. औषधाच्या दुकानावर आपली पाटी लावणेही योग्य मानले जात नाही.

सनदी लेखापालांच्या संस्थेलाही दुकानासारखी चमकणारी, दिव्यांची मोठी पाटी मान्य नाही. साधी, माफक पाटी करावी.

आतल्या भिंतीवरही काही सूचना लावाव्या लागतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीचा आदेश आणि शिक्षेची माहिती दर्शनी जागी हवी. धूम्रपानबंदीच्या फलकाचा किमान आकार ६० बाय ३० सेंटिमीटर आहे. आपला फलक त्यापेक्षा छोटा आहे, हे अनेकांना तपासणीच्या वेळीच कळते.

ज्यांच्या शाखा इतर राज्यांत आहेत त्यांनी तिथला नियम आधी पाहावा. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सर्व दुकाने-आस्थापनांच्या पाटीवर मराठी देवनागरी आवश्यक झाली आणि मराठी अक्षरे इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. कर्नाटकात २०२४ पासून फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये हवा. बेळगावच्या आपल्या नातेवाइकांना हे सांगायला नकोच. तिथे पाटी करताना आधी मोजपट्टी घेऊन भाग पाडायचे आणि उरलेल्या जागेत मराठी नीट, स्पष्ट बसवायची, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

अक्षर किती मोठे?

एक ढोबळ हिशेब लक्षात ठेवा. दहा फुटांवरून आरामात वाचायचे असेल तर अक्षर एक इंच उंच हवे. वीस फुटांसाठी दोन इंच, पन्नास फुटांसाठी पाच इंच. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत मोजायची. वेलांट्या, मात्रा, रफार वर आणि उकार खाली, त्यांची जागा निराळी. दुकानदार इंग्रजी आणि मराठी ओळींना सारखीच जागा देतो आणि मराठी ओळ त्यात कोंबतो, त्यामुळे मराठी बारीक दिसते. सारखे दिसायला हवे असेल तर मराठी ओळीला इंग्रजीच्या सुमारे दीडपट उभी जागा द्यावी.

रंगाबाबत एवढेच म्हणेन, की गडद आणि फिकट यांची जोडी हवी. निळ्यावर पांढरे, पांढऱ्यावर काळे, गडद हिरव्यावर पिवळे. तपकिरीवर सोनेरी किंवा पितळेवर कोरलेली बारीक अक्षरे हातात घेतल्यावर छान दिसतात, पण जिन्याच्या अंधारात वाचता येत नाहीत. साठीपुढच्या डोळ्यांना तर नाहीच. उन्हात असणाऱ्या पाटीवर लाल रंग सर्वांत आधी उडतो, हेही ध्यानात ठेवावे.

चौकटीचे प्रकार आणि कोणती कुठे

कागद वारंवार बदलायचा असेल, जसे सूचना, समितीची नावे, कामाच्या वेळा, तर स्नॅप फ्रेम घ्यावी. ॲल्युमिनियमच्या चार पट्ट्या दाराच्या फळीसारख्या उघडतात, आत कागद आणि त्यावर पारदर्शक पत्रा असतो. फ्रेम भिंतीवरून न काढता कागद बदलता येतो. ए-४ आणि ए-३ मापात सहज मिळते. पट्टीखाली कागदाची कड साधारण एक सेंटिमीटर झाकली जाते. म्हणून मजकूर कडेपासून दीड सेंटिमीटर आत ठेवावा. खिडकीसमोर लावायची असेल तर आतला पत्रा चकाकी नसलेला मागावा.

खोल्यांच्या दारांशेजारी माणसांची नावे बदलत असतील तर सरकत्या पट्टीची चौकट बरी. वर पद आणि खाली नावाची पट्टी, माणूस बदलला की पट्टीच बदलायची.

मुख्य नावासाठी ॲक्रेलिक आणि स्टड ही सध्याची आवडती पद्धत आहे. तिला कडेची चौकट नसते. चार कोपऱ्यांत स्टीलचे गोल स्टड पाटीला भिंतीपासून इंचभर पुढे धरतात. दिसते छान, पण तिचा एक स्वभाव आहे, तो पुढे सांगतो.

बाहेरच्या मोठ्या फलकासाठी चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा आणि त्यावर एसीपी शीट ही नेहमीची पद्धत. पाइपला आधी रेड ऑक्साइड आणि मग रंग लावलेला आहे का, हे शीट चढण्यापूर्वी स्वतः पाहावे. नंतर ते दिसत नाही आणि गंज मात्र आतून चालू राहतो. स्टीलची अक्षरे बाहेर लावायची असतील तर ३०४ प्रतीचे स्टील मागावे. २०२ स्वस्त पडते, पण दोन पावसाळ्यांत त्यावर डाग दिसू लागतात.

धातूची किंवा ॲक्रेलिकची सुटी अक्षरे घेताना मराठीसाठी एक गोष्ट आवर्जून सांगावी, प्रत्येक शब्द एकसंध कापायचा. इंग्रजी अक्षरे सुटीच असतात, त्यामुळे कारागिराला तीच सवय असते. मराठी अक्षरे सुटी कापून शेजारी शेजारी चिकटवली की शिरोरेषेत भेगा दिसतात आणि एखादे अक्षर खाली सरकले तर सगळा शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

वजनाचा हिशेब

चौकट पडते ती बहुधा वजनाचा विचार न केल्यामुळे. दोन बाय तीन फुटांची एक चौकट घेऊ, म्हणजे सुमारे अर्धा चौरस मीटर. तिला ४ मिलिमीटर काच लावली तर काचेचेच वजन साधारण साडेपाच किलो होते. मागे १२ मिलिमीटरचा एमडीएफ असेल तर त्याचे आणखी पाच किलो. चौकट धरून अकरा-बारा किलो झाले. त्याच मापाला ३ मिलिमीटर ॲक्रेलिक लावले तर दोन किलो, मागे सनबोर्ड दीड किलो, ॲल्युमिनियमची चौकट धरून चार-पाच किलोंत काम भागते. जिथे माणसे खाली बसतात तिथे मी काच लावत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो आहे. धंद्याच्या सुरुवातीला एका कार्यालयात गिऱ्हाइकाला भिंतीत छिद्रे नको होती, म्हणून काचेची चौकट मी जाड डबल टेपवर लावली. ताज्या रंगाच्या भिंतीवर. मे महिन्यातल्या एका रात्री ती रंगाच्या पापुद्र्यासकट खाली आली. टेपने रंगाला घट्ट धरले होते, पण रंगाने भिंतीला धरले नव्हते. खाली स्वागतिकेची खुर्ची होती. रात्र होती म्हणून निभावले. काच भरून दिली, पण त्या खुर्चीवरचे काचेचे तुकडे अजून डोळ्यांसमोर आहेत. टेप फक्त हलक्या पाटीला, तीही काच, टाइल किंवा लॅमिनेटवर, स्पिरिटने पुसून लावावी. रंगाच्या भिंतीवर नाही.

बाहेरच्या फलकाला वजनापेक्षा वाऱ्याचा धोका जास्त. दहा बाय तीन फुटांच्या फलकावर ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ४५ ते ५० किलोंइतका दाब येतो. वारा दुप्पट झाला, म्हणजे १२०, तर दाब दुप्पट नाही, चौपट होतो. माळव्यात पावसाळ्याआधीच्या वादळात फलक उडतात ते याच कारणाने. म्हणून सांगाडा भिंतीला अँकर बोल्टने धरावा, साध्या स्क्रूने नाही, आणि दर वर्षी मे महिन्यात बोल्ट तपासून घ्यावेत.

भिंत ओळखा, मग ड्रिल उचला

विटांच्या भिंतीवर आतून साधारण अर्धा इंच आणि बाहेरून पाऊण इंच गिलावा असतो. गिट्टी, म्हणजे प्लॅस्टिकचा प्लग, गिलाव्यात अडकून उपयोगी नाही, ती विटेत पोचली पाहिजे. नेहमीच्या कामाला ८ मिलिमीटरची गिट्टी, ८ चाच ड्रिल आणि दोन इंची स्क्रू. छिद्र गिट्टीपेक्षा थोडे खोल करावे आणि भुकटी फुंकून काढावी. छिद्र विटेच्या सांध्यात आले तर ते सोडून बाजूला दुसरे घ्यावे. काडीपेटीच्या काड्या ठोकून गिट्टी घट्ट करण्याची आपली जुनी युक्ती कॅलेंडरला चालते, पाटीला नाही.

नव्या इमारतींत हलक्या फिकट ब्लॉकच्या भिंती असतात. त्यांत हॅमर न लावता नुसते फिरवून छिद्र करावे आणि त्या ब्लॉकसाठीचा लांब प्लग वापरावा. जिप्समच्या पार्टिशनमध्ये साधी गिट्टी फिरतच राहते. तिथे मागे पंख उघडणारा बोल्ट लागतो, किंवा लोहचुंबक फिरवून आतली लोखंडी पट्टी शोधून तिच्यातच स्क्रू घ्यावा.

राजवाडा, मल्हारगंज या भागांतल्या जुन्या वाड्यांत अजून काही कार्यालये आहेत. तिथला चुन्याचा गिलावा आणि माती भरलेल्या भिंती ड्रिलच्या धक्क्याने ढासळतात. अशा ठिकाणी भिंतीला हात न लावता लाकडी खांबाला किंवा तुळईला आडवी पट्टी मारून तिच्यावर पाटी टांगावी. वाड्यालाही इजा नाही, पाटीही सुरक्षित.

छिद्र करण्यापूर्वी विजेच्या बटनाच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत ड्रिल लावू नये. वायर बहुधा तिथूनच गेलेली असते.

उंची आणि जागा

खोलीच्या नावाची पाटी दारावर नव्हे, दाराशेजारच्या भिंतीवर, मुठीच्या बाजूला लावावी. दार उघडे असताना दारावरची पाटी दिसत नाही. दृष्टिहीन व्यक्ती बोटांनी पाटी वाचत असेल तर बिजागरीच्या बाजूला दार अंगावर येण्याचा धोकाही असतो. पाटीचा मध्य जमिनीपासून सुमारे पाच फुटांवर असावा. दवाखाना किंवा लोकांची ये-जा असलेले कार्यालय असेल तर उठावाची अक्षरे आणि ब्रेलची ओळ जरूर करावी. भारती ब्रेल सर्व भारतीय भाषांसाठी आहे, मराठी नावही त्यात लिहिता येते.

बसवण्याची पद्धत

१. पाटीच्या मापाचा कागद घ्या, त्यावर छिद्रांच्या खुणा करा आणि तो भिंतीवर चिकटवा.

२. दाराकडे येणारा माणूस जिथून पाहील तिथे उभे राहून पाहा. वर-खाली करायचे असेल ते आत्ताच.

३. लेव्हल लावा. देवनागरीची शिरोरेषा ही स्वतःच एक लांब आडवी रेघ आहे. इंग्रजी पाटी किंचित तिरपी असली तर खपून जाते, मराठी पाटी तिरपी असली की लांबूनच कळते. जुन्या इमारतीत छत आणि चौकट दोन्ही तिरपी असतात. तिथे लेव्हल पाळावी की दाराच्या चौकटीची रेघ, हे मालकाला दाखवून ठरवावे.

४. कागदावरूनच छिद्रे करा, मग कागद काढून गिट्ट्या बसवा.

५. स्क्रू आधी चारही अर्धे, मग सगळे थोडे थोडे घट्ट करा.

आता ॲक्रेलिकचा स्वभाव. ते उन्हाने बरेच पसरते. मीटरभर पट्टी तापमानातल्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढते. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यात तापलेली पश्चिमेची भिंत यांत ५० अंशांचा फरक धरला, तर मीटरला साडेतीन मिलिमीटर. त्याला हलायला जागा नसेल तर स्टडच्या छिद्रापासून तडा जातो. म्हणून ॲक्रेलिकमधले छिद्र स्टडच्या दांड्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठे ठेवावे, मध्ये रबरी वायसर घालावा आणि स्टड हातानेच आवळावा. 'घट्ट बसवलंय हो' असे कारागीर कौतुकाने सांगतो, तेव्हाच मला काळजी वाटते.

दिव्याची पाटी असेल तर तिला वेगळे एमसीबी आणि अर्थिंग हवे, आणि बाहेरचा वीजपुरवठ्याचा डबा पाण्यापासून सुरक्षित प्रतीचा हवा.

काकांची पाटी

मी परत नेलेली ती पाटी नव्याने केली. आकार लहानच ठेवला, वकिलांच्या नियमात बसेल असा. अक्षरे काळ्यावर सोनेरी न करता फिकट पार्श्वभूमीवर गडद केली. नमुना तयार झाल्यावर काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचले आणि 'ॲडव्होकेट' मधला चंद्र थोडा डावीकडे गेला आहे, हेही दाखवून दिले. तो खरेच गेला होता.

आजोबांची पत्र्याची पाटी रंगवून नवी करण्याचा विचार मित्राने बोलून दाखवला. मी नको म्हणालो. सुटा गंज मऊ ब्रशने काढला, मागे सनबोर्ड दिला, पुढे ॲक्रेलिक लावून साध्या सागवानी चौकटीत बसवली आणि आत, अशिलांच्या खुर्च्यांसमोरच्या भिंतीवर लावली. विटेत पोचलेल्या चार गिट्ट्यांवर.

परवा मित्राची मुलगी ऑफिसात आली होती. ती हिंदी-इंग्रजी शाळेत शिकते. जुन्या पाटीसमोर उभी राहून तिने विचारले, "आजोबा, हे अक्षर कोणतं?" काकांनी तिला जीभ टाळूला लावून ळ म्हणायला शिकवला. तीन-चार वेळा चुकली, मग जमला.

आपल्या घरातही माळ्यावर किंवा कपाटामागे अशी एखादी पाटी असेल तर ती भंगारात देऊ नका. आणि नवी करणार असाल तर चौकट, काच, स्टड यांचा विचार जरूर करा, पण आधी नाव नीट लिहून घ्या.